फौजदार कोंबड्याच्या मृत्यूचा तपास

दिनांक १४ मे २०२४, मंगळवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी देऊळघाट येथील वाचनालयाच्या ओट्यावर नऊ श्रोते हजर होते आणि मी एका इंग्रजी कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर होतो.

कादंबरी इंग्लंडमधील एका हवेलीत घडते. सर रेजिनाल्ड नावाचे वृद्ध गृहस्थ आतून बंद असलेल्या खोलीत मृतावस्थेत सापडतात. शेजारी थंड झालेल्या चहाचा कप असतो, आणि डॉबसन नावाचे एक शांत, नीटनेटके गुप्तहेर तपासास येतात. मी मनात इंग्रजी वाचून तोंडाने मराठी सांगत असे. एकतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक म्हणून इंग्रजी नकाशांवरून मराठी मुलांना काम शिकवले असल्यामुळे ही कसरत मला जड जात नाही. श्रोत्यांनी मात्र पहिल्याच दिवशी सर रेजिनाल्ड यांचे रेजिनराव करून टाकले होते.

"पन मास्तर," वाचनालयाचे सचिव देवानंद म्हणाले, "चहा थंडा झाला तरी घरातलं एक मानूस पाह्याले गेलं नाई? अशा घरात मानूस मरन नाई तं काय करन?"

"पुतन्याचंच काम आहे हे," आणखी एक जण म्हणाले. "वावराचा वाटा पाह्यजे असन त्याले."

"वाटा कशाचा? डॉबसनने अजून संशयितांची यादीही पूर्ण केलेली नाही," असे मी सांगत होतो, तेवढ्यात शेषराव ओट्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात युरियाची रिकामी गोणी होती. ती पूर्णपणे रिकामी नव्हती. तिच्यातून दोन पिवळे पाय बाहेर आलेले होते.

"रेजिनरावले ठेवा बाजूले," शेषराव म्हणाले. "माह्या फौजदाराले मारलं."

फौजदार हा शेषरावांचा कोंबडा. वय साडेसहा वर्षे, वजन सुमारे चार किलो, तुरा एका बाजूस कललेला. त्याचे नाव त्याच्या चालीवरून पडले होते. पहाटे पाचला तो एकदा आरवे, हे त्याचे नियत कर्तव्य. त्यानंतर दिवसभर मनास येईल तेव्हा आरवे, हा त्याचा अधिकार. शेषरावांनी आयुष्यात घड्याळाचा गजर लावला नव्हता. त्यांच्या घरात सकाळच्या दुधावरची साय आधी फौजदाराला मिळे आणि मग माणसांना.

"कुठे सापडला?" मी विचारले.

"हौदात. पान्यावर तरंगत होता. आन हौद तं काल संध्याकाळीच कोरडा पडला होता, मास्तर! कोनंतरी मोटर लावून बुडवला त्याले. मी बुलढान्याले गेलो होतो, तेवढा मोका साधला." त्यांनी गोणी ओट्यावर ठेवली. "तुमी रोज सांगता ना, डॉबसन असं पाह्यते, डॉबसन तसं मोजते. आता तुमी मोजा."

मी पानात खूण घातली, चष्मा पुसला आणि खिशातून वही काढली. माझ्याकडे तपास सोपवण्यात आला, हे मान्य करताना मला दुःखापेक्षा थोडा अधिक आनंद झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

घटनास्थळ असे. शेषरावांच्या घरामागे विहीर, विहिरीवर मोटर, जवळच दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि पाच फूट खोल असा सिमेंटचा हौद. हौदाला लागून तारेचे कुंपण आणि पलीकडे जनकाबाईंची मिरचीची रोपवाटिका. हिरव्या जाळीच्या छायेखाली एकशे ऐंशी ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये अठ्ठ्याण्णव रोपे. वीस वर्षांपासून शेषरावांच्या हौदातून एका पाइपने जनकाबाईंकडे पाणी जाते आणि त्या बदल्यात शेषरावांच्या शेतात लागणारी मिरचीची सगळी रोपे जनकाबाईंकडून येतात. या व्यवहाराचा कागद कधी झालेला नाही.

गावाच्या त्या भागातील डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, ८ मे रोजी जळाली होती, त्यामुळे सहा दिवस शेतीची लाईन बंद होती. हौदातील साठा सोमवारी संध्याकाळी संपला. शेषरावांनी मंगळवारी सकाळी हौदाचा तळ घासला आणि आत उतरण्यासाठी लावलेली फळी तशीच ठेवून ते कामासाठी बुलढाण्याला गेले. ओलसर तळाचा गारवा पाहून फौजदार फळीवरून चालत आत गेला असणार. पाणी आले, फळी तरंगली आणि त्याचा जिना नाहीसा झाला. उडून बाहेर यावे, तर त्याचे पंख शेषरावांच्या पत्नी कोकिळाबाई यांनी पंधरा दिवसांपूर्वीच कातरले होते.

"काऊन कातरले?" शेषरावांनी बायकोकडे वळून विचारले. हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

"काऊन म्हंजे? रोज जनकाबाईच्या जायीत घुसून रोपं उकरत होता तो. तिनं किती डाव सांगतलं तुमाले! तुमी म्हने, त्याले फिरू दे, तो फौजदार आहे."

मी लिहून घेतले. कोकिळाबाईंचा जबाब स्पष्ट होता. त्या जेवण करून झोपल्या होत्या. मोटर रिकामी फिरल्याचा, म्हणजे विहिरीतील पाणी खाली गेल्यावर येतो तसा घरघराट आल्याने त्या जाग्या झाल्या, धावत गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. त्या वेळी घड्याळात दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. मी पट्टीने हौदातील पाणी मोजले. तीन फूट नऊ इंच, म्हणजे पंचेचाळीस इंच. उन्हाळ्यात या विहिरीवरून हौद मिनिटाला एक इंच भरतो, हे माझ्या गेल्या वर्षीच्या नोंदीत आहे. पन्नासातून पंचेचाळीस वजा केले. मोटर दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली होती.

जमलेल्या लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. देवानंद म्हणाले, "डॉबसनले बी इतलं जमलं नसतं." मी ते ऐकले नाही असे दाखवले.

नंतर मी ते वाक्य उच्चारले, ज्याची मला पुढे लाज वाटली. स्टार्टरच्या पेटीकडे बोट दाखवून मी सर्वांसमक्ष म्हणालो, "यंत्राला हेतू नसतो. हिरवे बटण दाबल्याशिवाय ही मोटर सुरू होत नाही. म्हणून दोन वाजून पाच मिनिटांनी येथे कोण होते, एवढाच प्रश्न उरतो."

"मी होती," कुंपणापलीकडून जनकाबाई म्हणाल्या.

जनकाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. मनातली गोष्ट त्यांच्या तोंडात फार वेळ थांबत नाही.

"मी ट्रे हालवून राह्यली होती. मोटर वाजली. मले वाटलं लाईन आली, कोकिळाबाईनं लावली."

"तुम्ही कोणाला येताना किंवा जाताना पाहिले?"

"कोनाले बी नाई, दादा. कोनी आलं नाई, कोनी गेलं नाई. इथून सगळं दिसते ना."

"मंग भुतानं लावली का?" शेषराव ओरडले. "इथं तुह्याशिवाय कोनी नोतं हे तूच सांगून राह्यली! आन गेल्या बुधवारी हापशीवर चार बायायच्या पुढं कोन म्हनलं होतं, या मेल्याचा एक दिवस रस्सा करीन म्हनून?"

"म्हनलं होतं! हजार डाव म्हनलं. पन रस्सा करनारी बाई कोंबडं पान्यात बुडवते का? इतली अक्कल तं मले बी आहे."

युक्तिवाद बिनतोड होता. परंतु मी तो नोंदवला नाही, कारण तो पुरावा नव्हता. शेषरावांनीही ऐकला नाही. ते हौदाच्या कडेला वाकले, जनकाबाईंच्या पाइपावरील व्हॉल्व्ह बंद केला, त्याची लोखंडी मूठ पान्याने काढून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली.

"खुनी सापडेपर्यंत पानी बंद."

"शेषरावदादा, रोपं मरतीन," जनकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "बेचाळीस डिग्रीचं ऊन आहे. दिवसातून दोन डाव पानी लागते त्यायले. वीस दिवसांची लेकरं आहेत ते."

"माहा बी साडेसहा वर्सांचा होता."

कुंपणाच्या दोन बाजूंना दोघे उभे होते, हौद भरलेला होता आणि त्यातील पाणी कोणाच्याच कामाचे नव्हते. मी माझे कर्तव्य केले. मेन स्विचला सुतळी गुंडाळून लाखेचे सील लावले. स्टार्टरची पेटी उघडली नाही, कारण तिच्यावरील बोटांचे ठसे पुसले गेले असते. ठसे घेण्याची कोणतीही सोय आमच्या गावात नाही, आणि असती तरी ते कोणाशी ताडून पाहायचे हे मला माहीत नव्हते. तथापि डॉबसनने नवव्या प्रकरणात पेटी उघडू दिली नव्हती.

बुधवारी मी सकाळी सातपासून जबाब घेतले. फौजदाराच्या मृत्यूने ज्यांना दुःख झाले अशांची संख्या एक निघाली. ज्यांना बरे वाटले त्यांची मोजणी मी तेविसाव्या नावावर थांबवली. देवानंद यांना दुपारची झोप प्रिय आहे आणि फौजदार त्यांच्या खिडकीखाली आरवत असे. कोकिळाबाई म्हणाल्या, "भाऊजी, साडेसहा वर्सं झाले त्याले आनून, माह्या वाट्याले कधी पहिली साय आली नाई. लिहा तुमच्या वहीत." मी लिहिले. परंतु हेतू सगळ्यांना असला तरी दोन वाजून पाच मिनिटांनी स्टार्टरपासून चाळीस पावलांच्या आत जागी असलेली एकच व्यक्ती होती. माझे प्रत्येक पान जनकाबाईंच्या दिशेने जात होते.

त्या मात्र हापशीवर होत्या. हापशी रोपवाटिकेपासून चारशे दहा पावले आहे. डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन त्या जात-येत होत्या, आणि दुपारी माझी पत्नी अन्नपूर्णा हीदेखील त्यांच्या रांगेत दिसली.

संध्याकाळी अन्नपूर्णा घरी आली तेव्हा तिचे तळहात लाल झालेले होते. मी टेबलावर नकाशा काढत होतो. प्रमाण एक सेंटिमीटरला पाच फूट.

"पाह्यता का हात?" तिने हात माझ्या नकाशावर ठेवले. "सत्तावन खेपा झाल्या दोघींच्या. तरी कडेच्या ट्रेमधले रोपं माना टाकून राह्यले. उद्या रात्रीलोक नाई टिकनार ते. मंग वर्साची मेहनत गेली तिची. आन तुमी इथं चित्र काढून राह्यले."

"हे चित्र नाही. घटनास्थळाचा आराखडा आहे."

"जनकाबाईनं नाई केलं ते."

"पुरावा?"

"पुरावा म्हंजे काय असते? मी तिले चाळीस वर्सं झाले पाहून राह्यली. ते तोंडानं मारते, हातानं नाई." ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "आवो, सगळ्या गावाचे जबाब घेतले. तुमचा कोनं घेतला?"

"मी तपास अधिकारी आहे."

"तुमाले काय कमी राग होता त्याचा? रोज गोष्टीत मढं सापडाच्या टायमालेच आरवे तो. परवा तुमी पुस्तक फेकून मारलं होतं त्याले."

"फेकले नव्हते. हातातून सुटले होते."

"हाव. सात फूट सुटलं होतं," अन्नपूर्णा म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी तिचे बोलणे मनावर घेतले नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी मी घरी बसून पुढचे प्रकरण वाचत होतो आणि त्याची साक्षीदार खुद्द तीच होती.

गुरुवारी सकाळी मी तपासातील राहिलेला एक दुवा पूर्ण करण्यास निघालो. डीपी नेमकी कधी सुरू झाली, हे मी अद्याप विचारलेच नव्हते. गावाचे वायरमन सागर चौकातील खांबाखाली चहा घेत होते. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली.

"चौदा तारीख. दोन वाजून चार मिनिटं. नवी डीपी चार्ज केली."

"चार? पाच नाही?"

"चार, सर. मी मोबाइलमधी पाहून लिहितो. वरतून फोन आला होता मले, का टायम लिहून ठेवजा म्हनून."

"गावात कोणाला सांगितले होते, की आज लाईन येणार?"

"कोनालेच नाई. मलेच सकाळी माहीत नोतं! मागच्या हप्त्यात सांगतलं का उद्या येते, तं लोकायनं चार दिवस मले घरात राहू देलं नाई. म्हनून यावेळी चुपचाप चालू केली." मग त्यांना काही आठवले. "आन सर, मजा सांगू? मी अजून खाली उतरलो बी नोतो, तं तिकडं शेषरावकाकाची मोटर वाजाले लागली. मी म्हनलं, बाप्पा, काका हिरव्या बटनावर बोट ठेवूनच बसले का काय सहा दिवस?"

मी चहा नाकारला, हे सागर यांना विचित्र वाटले असावे. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि हिशेब केला. लाईन आली दोन वाजून चार मिनिटांनी. मोटर सुरू झाली दोन वाजून पाच मिनिटांनी. शेतीची लाईन घरात दिव्याने कळत नाही. ती आली हे समजण्यासाठी विहिरीवर जाऊन पाहावे लागते. जिला लाईन आल्याचे ठाऊक नाही अशी बाई ट्रे सोडून, कुंपण ओलांडून, चाळीस पावले चालून एका मिनिटात बटण दाबेल कशी? आणि दाबेल कशासाठी? आमच्या गावात लाईन आल्याचे साठ सेकंदांत ओळखून त्यावर अंमल करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

माणूस नाही. परंतु साठ सेकंद थांबून मोटर सुरू करणारे एक लहान यंत्र असते. त्याला ऑटो म्हणतात, आणि ते स्टार्टरच्या पेटीत बसवतात. शेषरावांनी आपल्या पेटीतील ऑटोची वायर चार वर्षांपूर्वी काढून टाकायला लावली होती, कारण विहीर कोरडी असतानाही मोटर आपोआप सुरू होई. हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी बटणाविषयी इतक्या खात्रीने बोललो होतो.

मी घरी आलो. कपाटातून माझी कामांची वही काढली. तंत्रनिकेतनात असताना आमच्या कार्यशाळेच्या सरांनी लावलेली सवय अशी, की काम लहान असो वा मोठे, त्याचे एक पान लिहायचे. प्रत्येक पानावर तळाशी दोन रकाने असतात : 'जसे सापडले तसे ठेवले' आणि 'चालवून पाहिले'. एकतीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत दुसरा रकाना रिकामा दिसला की पूर्ण पानावर काट मारत आलो.

९ मेचे पान उघडले. डीपी जळताना शेषरावांच्या स्टार्टरचे काँटॅक्ट खराब झाले होते आणि ते मी घासून दिले होते. माझ्याच अक्षरात पुढे लिहिले होते : 'पेटीत एक वायर सुटी आढळली. व्यवस्थित जोडली.' सुटी वायर दिसली की माझा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे आपोआप जातो. ती कोणी मुद्दाम सोडलेली असेल, हा विचार माझ्या शिक्षणात कधी आलाच नाही, आणि ऑटोची काढलेली वायर ती हीच, हे त्या क्षणी मला आठवले नाही. त्याखाली : 'मेन स्विच चालू स्थितीत सापडला. जसे सापडले तसे ठेवले : होय.'

आणि शेवटचा रकाना : 'चालवून पाहिले.' लाईन नव्हती. तो रकाना रिकामा होता.

मेनला सील मीच लावले होते. पेटीच्या आत पाहणारा माझ्याशिवाय गावात कोणी नव्हता. दोन स्क्रू सैल केले असते तर वायर पुन्हा सुटी झाली असती. 'अंतर्गत बिघाड' असे लिहिता आले असते. जनकाबाईही सुटल्या असत्या आणि मीही. असा विचार मी केला. किती वेळ केला, याची नोंद मी ठेवलेली नाही.

अन्नपूर्णा दारात आली. डोक्यावर चुंबळ होती. "मी चालली हापशीवर. तुमचं काय अडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सापडला."

"कोन?"

मी वही तिच्यापुढे धरली. तिने पान वाचले, मग पुन्हा वाचले आणि चुंबळ काढून माझ्या हातात दिली.

"मंग आता तुमीच जा पान्याले," ती म्हणाली.

डॉबसन शेवटी सर्व संशयितांना दिवाणखान्यात बोलावतात. तेथे सात खुर्च्या असतात. मी गुरुवारी दुपारी चार वाजता हौदाजवळ सात जणांना बोलावले होते, त्रेसष्ट आले. बसायला पोती ज्याची त्याने आणली होती. एका बाईने पोह्यांचे डबे आणले होते. देवानंद यांनी वाचनालय अर्ध्या दिवसासाठी बंद केले होते.

"मेन स्विच तुम्ही स्वतः वर करा," मी शेषरावांना सांगितले. "आणि दहा पावले मागे या. कोणीही पेटीला हात लावू नका. आता सगळ्यांनी मोठ्याने साठपर्यंत मोजा."

शेषरावांनी सील तोडले, मेन वर केला आणि ते मागे आले. त्रेसष्ट माणसे मोजू लागली. वीसपर्यंत हसू होते. चाळिसाला मुले शांत झाली. पन्नासानंतर जनकाबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता.

"अठ्ठावन, एकोनसाठ..."

पेटीत खट् असा आवाज झाला आणि मोटर सुरू झाली. हौदात पाण्याची धार पडली.

"अरे बाप्पा!" देवानंद पोत्यावरून उठले. "कोनं दाबलं?"

"कोणीही नाही. लाईन आल्यावर साठ सेकंदांनी मोटर सुरू करणारा ऑटो आत आहे. मंगळवारी लाईन दोन वाजून चार मिनिटांनी आली. जनकाबाई सांगत होत्या ते अक्षरशः खरे होते. कोणी आले नाही, कोणी गेले नाही."

"पन म्या तं त्याची वायर काढाले लावली होती!" शेषराव म्हणाले. "चार वर्सं झाले. कोन हरामखोरानं जोडली परत?"

मी कामांची वही उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांचा चष्मा नव्हता. म्हणून कोकिळाबाईंनी पान मोठ्याने वाचले. 'व्यवस्थित जोडली' या शब्दांवर त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिले, आणि उरलेले हळू आवाजात पूर्ण केले.

वही मिटून त्यांनी ती मला परत दिली.

"मंजे," शेषराव सावकाश म्हणाले, "मारनारा तू. पंचनामा करनारा तू. सील लावनारा बी तूच?"

"होय."

"आन मले सांगते, यंत्राले हेतू नसते!"

"ते वाक्य अजूनही बरोबर आहे," मी म्हणालो. "त्यापुढचे चुकीचे होते. जनकाबाई, मी तुमची सर्वांसमक्ष माफी मागतो."

जनकाबाई कुंपणाशी उभ्या होत्या. पदराने तोंड पुसत होत्या. प्रथम मला वाटले त्या रडत आहेत. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि हसू फुटले. "दादा, दोन दिवस पानी वाहून माही मान मोडली. दिवसभर डोक्यात एकच, का मी तं बटन दाबलं नाई, मंग झोपेत तं नाई दाबलं? शेवटी शेवटी मलेच माहा डाऊट येत होता!" मग त्या शेषरावांकडे वळल्या. "हसनं झालं. आता मूठ काढा."

शेषरावांनी खिशात हात घातला, पण मूठ लगेच दिली नाही. ती तळहातावर ठेवून ते त्या मुठीकडेच पाहत राहिले.

"मले समजते तुह्यावर अन्याव झाला," ते म्हणाले. "पन माहा फौजदार तं गेला ना. दोन दिवस झाले, सकाळी नऊ वाजता डोये उघडून राह्यले माहे. गडी येऊन वापस जाते."

"मास्तर उठवतीन तुमाले," अन्नपूर्णा मागून म्हणाली. "पाच वाजता. रोज."

"कसे?"

"जसा तो उठवे तसे."

हशा इतका झाला की मोटर ऐकू येईना. देवानंद यांनी ठराव मांडला, कोकिळाबाईंनी अनुमोदन दिले. नवे पिल्लू आरवू लागेपर्यंत मी रोज पहाटे पाचला शेषरावांच्या खिडकीखाली जाऊन त्यांना हाक मारावी. आरवण्याची सक्ती नाही. जनकाबाईंनी एक दुरुस्ती सुचवली, की पुढील चार दिवस रोपांना दोन वेळचे पाणीही मीच द्यावे आणि शेवटी ट्रेनिहाय मोजणी करून द्यावी, "कारन मोजनं त्यायले चांगलं येते." ठराव दुरुस्तीसह एकमताने मंजूर झाला. शेषरावांनी मूठ बसवली आणि व्हॉल्व्ह उघडला. पाणी पाइपातून पलीकडे जाईपर्यंत जनकाबाई जाळीखाली पोचल्याही होत्या. मी ऑटोची वायर काढली, पान पूर्ण केले आणि 'चालवून पाहिले' या रकान्यात त्रेसष्ट साक्षीदार असे लिहिले.

शुक्रवारी कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचले. श्रोते एकतीस होते. सुरू करण्यापूर्वीच देवानंद म्हणाले, "मास्तर, वाचू नका. डॉबसनची वही आना म्हना आधी." पुस्तकात खुनी रेजिनरावांचा कारकून निघाला. श्रोत्यांनी तो निकाल मान्य केला नाही, त्यांच्या मते डॉबसनचा जबाब घेतल्याशिवाय तपास पूर्णच होत नाही, आणि शेषरावांनी तर उठून विचारले, "त्या खोलीची दुरुस्ती त्याच्या आधी कोनं केली होती?" याचे उत्तर लेखकाने दिलेले नाही.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी झारीने पाणी दिले. कडेच्या सात ट्रेंमधील बहुतेक रोपांना उशीर झाला होता. बाकीच्यांनी माना वर केल्या. सोमवारी, २० मे रोजी, पहाटे पाचला शेषरावांना उठवून मी थेट रोपवाटिकेत गेलो आणि मोजणी सुरू केली. जनकाबाई मागून येऊन प्रत्येक ट्रे पुन्हा मोजत होत्या. दोघांचे आकडे जुळले.

एकूण रोपे १७,६४०. जिवंत १७,०२९.